घरच्या कॉम्प्युटरला लाईट किती जळते? – हिशेबाची रीत



उसाचा हिशेब आपल्याला कोणी शिकवावा लागत नाही. काट्यावर गाडी किती भरली, रिकामी किती आली, वजावट किती, टनाला भाव काय, आणि हातात पडणार किती, हे आपण बांधावर बसल्या बसल्या तोंडी सांगतो. पण घरचे लाईट बिल आले की आपण फक्त खालचा मोठा आकडा बघतो, कपाळाला हात लावतो आणि घरात शेवटी जी वस्तू आली असेल तिच्यावर खापर फोडतो. आजकाल ही शेवटी आलेली वस्तू बहुतेक घरात कॉम्प्युटर असते. दिंद्रुड, तेलगाव, माजलगाव या भागात पोरे-पोरी घरी बसून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतात, कोणी टायपिंग शिकतो, कोणी सातबारा काढून घेतो, कोणी शिक्षण संपवून घरूनच काम करतो. आणि बिल वाढले की म्हातारी माणसे म्हणतात, "ते डबडं बंद करा आधी."

डबडे बंद करावे की चालू ठेवावे, हे रागाने ठरवू नये, हिशेबाने ठरवावे. त्या हिशेबाची रीत या लेखात आम्ही देत आहोत. लागणारे गणित चौथी-पाचवीचे आहे. एक वही, एक पेन्सिल आणि मागच्या महिन्याचे बिल घेऊन बसा.

वॅट आणि युनिट यातला फरक

आपली पहिली अडचण अशी की शेतातल्या मोटारीने आपल्याला युनिट मोजायची सवयच लागू दिली नाही. कितीतरी कृषिपंपांची आकारणी वर्षानुवर्षे अश्वशक्तीवर होत आली. तीनची मोटार असो की पाचची, ती किती तास चालली हे बिलात दिसत नसे. एप्रिल २०२४ पासून तर साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजना लागू झाली. घरचे तसे नाही. घरी मीटर आहे, आणि मीटर प्रत्येक मिनिटाचा हिशेब ठेवतो.

कालव्याचे उदाहरण घेऊ. माजलगाव धरणातून पाणी सोडले की आपण विचारतो, "किती क्युसेक सोडलंय?" हा झाला पाण्याचा वेग. नंतर विचारतो, "एकूण किती पाणी गेलं?" हा झाला एकूण साठा, तो दलघमीत सांगतात. थोडे क्युसेक पुष्कळ दिवस चालले तर खूप पाणी जाते, आणि पुष्कळ क्युसेक तासभरच चालले तर कमी जाते. विजेचेही तसेच. वॅट म्हणजे वीज ओढण्याचा वेग. युनिट म्हणजे एकूण ओढलेली वीज. बिल युनिटाचे येते, वॅटचे येत नाही.

एक हजार वॅटची वस्तू एक तास चालली की एक युनिट होते. शंभर वॅटची वस्तू दहा तास चालली तरी एकच युनिट. म्हणून सूत्र असे:

वॅट × रोजचे तास × महिन्याचे दिवस ÷ १००० = महिन्याची युनिटे.

एवढे एक सूत्र पाठ झाले की निम्मे काम झाले.

डब्यावरचा आकडा खरा धरू नका

आता कॉम्प्युटर किती वॅटचा? इथे पुष्कळ जण फसतात. कॉम्प्युटरच्या डब्यात मागच्या बाजूला पॉवर सप्लाय असतो, त्याला दुकानदार एसएमपीएस म्हणतात. त्यावर ४५० वॅट असे छापलेले असते. ते वाचून माणूस हिशेब मांडतो: ४५० वॅट, रोज सहा तास, तीस दिवस, झाली ८१ युनिटे! आणि घाबरून जातो.

पण ४५० ही त्या पॉवर सप्लायची ताकद आहे, रोजचा खर्च नव्हे. ट्रॉली दहा टनांची आहे म्हणून ती प्रत्येक खेपेला दहा टन भरलेली असते का? तिच्यात जेवढा ऊस घालाल तेवढाच काटा दाखवील. तसेच हे. लिहिणे, वाचणे, व्हिडिओवर तास बघणे, फॉर्म भरणे अशा साध्या कामाला आजकालचा साधा घरगुती डबा ४० ते ६० वॅट ओढतो. एलईडी पडदा १५ ते २५ वॅट घेतो. हिशेबापुरते डब्याला ६० आणि पडद्याला २० धरू. एकूण झाले ८० वॅट.

लॅपटॉप अशाच कामाला सरासरी ३० वॅट धरावा. त्याच्या चार्जरवर ६५ वॅट लिहिलेले असते, पण तीही चार्जरची ताकदच आहे. बॅटरी रिकामी असताना भरायला बसली तेव्हा तेवढी ओढ लागते, एरवी कमी.

दोन गोष्टी मात्र जपाव्या. कोणी स्वस्तात मिळाला म्हणून जुना, मागे पोट आलेला काचेचा मॉनिटर आणला असेल, तर तो एकटाच ७० ते ८० वॅट खातो. रोज सहा तासांच्या वापरात एलईडी पडद्यापेक्षा महिन्याला सुमारे १० युनिटे जास्त जातात. दुसरे म्हणजे, मोठमोठे खेळ खेळण्यासाठी डब्यात वेगळे ग्राफिक कार्ड बसवलेले असेल तर खेळ चालू असताना सगळ्याची मिळून ओढ ३०० वॅटच्या वर सहज जाते. तसा कॉम्प्युटर रोज सहा तास चालला तर महिन्याला ५४ युनिटे होतात. अभ्यासाच्या कॉम्प्युटरचा हिशेब त्याला लावू नये, आणि त्याचा हिशेब अभ्यासाच्या कॉम्प्युटरला लावू नये.

महिन्याची युनिटे

आता पाटी मांडू. रोज सहा तास, महिन्याचे तीस दिवस, म्हणजे १८० तास.

डबा आणि एलईडी पडदा: ८० × १८० ÷ १००० = १४.४ युनिटे.

लॅपटॉप: ३० × १८० ÷ १००० = ५.४ युनिटे.

इंटरनेटचा राऊटर: साधारण १० वॅट. पण तो सहा तास चालत नाही. तो रात्रंदिवस लुकलुकत असतो. १० × २४ × ३० ÷ १००० = ७.२ युनिटे.

हा शेवटचा आकडा पुन्हा एकदा वाचा. तळहाताएवढा राऊटर महिन्याला लॅपटॉपपेक्षा जास्त वीज घेतो! ओढ कमी, पण तास जास्त. हौदाची तोटी बारीक धारेने रात्रभर चालू राहिली तर सकाळी हौद रिकामा, तसेच. तोच राऊटर रोज दहा तास चालवून बाकी वेळ बंद ठेवला तर ३ युनिटांत भागते.

कॉम्प्युटर बंद केल्यावरही बटण चालूच राहिले, किंवा तो नुसता झोपवून ठेवला, तर दोन-तीन वॅट जातच राहतात. तीन वॅट, उरलेले अठरा तास, तीस दिवस, म्हणजे सुमारे १.६ युनिटे. भिंतीवरचे बटण दाबायला काही पैसे पडत नाहीत.

मीटरच्या दिव्याला विचारा

आम्ही वर दिलेले आकडे सर्वसाधारण आहेत. तुमच्या घरचा आकडा तुमचा मीटरच सांगेल. त्याची रीत सोपी आहे.

मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकत असतो. त्याच्याजवळ ३२०० किंवा १६०० किंवा असाच काही आकडा छापलेला असतो. त्याचा अर्थ, तेवढ्या वेळा दिवा लुकलुकला की एक युनिट झाले. आता घरातले सगळे बंद करा. पंखे, फ्रीज, टीव्ही, मोबाईलचे चार्जर, सगळे. इन्व्हर्टर असेल तर त्याचेही भिंतीवरचे बटण बंद करा, नाहीतर बॅटरी भरण्याची वीज यात मिसळेल. फक्त कॉम्प्युटर चालू ठेवा आणि पोराला नेहमीचे काम करायला बसवा. मग घड्याळ लावून पंधरा मिनिटे दिवा मोजा.

समजा मीटर ३२०० चा आहे आणि पंधरा मिनिटांत ६४ लुकलुक झाल्या. ६४ भागिले ३२०० म्हणजे ०.०२ युनिट. हे पाव तासाचे. तासाचे चौपट, म्हणजे ०.०८ युनिट. म्हणजेच तुमचा कॉम्प्युटर ८० वॅटचा. १६०० च्या मीटरवर तेवढ्याच कामाला ३२ लुकलुक येतील.

याच रीतीने फ्रीज, पंखा, कूलर, पाण्याची मोटार, काहीही मोजता येते. फ्रीज मात्र मधून मधून चालू-बंद होतो, म्हणून त्याला निदान दोन-तीन तास द्यावे.

आणि एक महत्त्वाचे. घरातले सगळे बंद करूनही दिवा लुकलुकत राहिला तर कुठेतरी काहीतरी चालू राहिले आहे, वायरिंगमध्ये गळती आहे, किंवा तुमच्या मीटरवरून दुसरीकडे तार गेली आहे. मग आधी जाणत्या वायरमनला दाखवा. कॉम्प्युटरचा हिशेब नंतर.

युनिटाचा भाव कसा काढावा

आता बिल हातात घ्या. महाराष्ट्रात वीज मंडळाची विभागणी होऊन २००५ साली महावितरण कंपनी झाली, आणि दर ठरवण्याचे काम महाराष्ट्र वीज नियामक आयोग करतो. दर बदलत राहतात. म्हणून आम्ही इथे २०२४-२५ सालच्या दरपत्रकातले घरगुती दर फक्त उदाहरणासाठी घेत आहोत. तुम्ही हिशेब करताना तुमच्या चालू बिलावरचे दर घाला.

बिलात निरनिराळे आकार असतात. स्थिर आकार हा एक युनिट जाळा की शंभर जाळा, द्यावाच लागतो. तो कॉम्प्युटरच्या खात्यात टाकू नये. वीज आकार आणि वहन आकार हे युनिटावर असतात. इंधन समायोजन आकार कधी असतो, कधी नसतो. या सगळ्यावर शेकडा १६ प्रमाणे वीज शुल्क लागते.

२०२४-२५ साली पहिल्या १०० युनिटांना वीज आकार ४ रु. ७१ पैसे आणि वहन आकार १ रु. १७ पैसे होता. मिळून ५ रु. ८८ पैसे. त्यावर १६ टक्के शुल्क धरले की ६ रु. ८२ पैसे. १०१ ते ३०० युनिटांना वीज आकार १० रु. २९ पैसे, वहन आकार तोच, मिळून ११ रु. ४६ पैसे, आणि शुल्क धरून १३ रु. २९ पैसे. म्हणजे शंभरावर गेले की युनिटाचा भाव जवळजवळ दुप्पट!

इथे दोन गैरसमज काढून टाकले पाहिजेत.

पहिला गैरसमज: "१०० च्या वर एक युनिट गेलं की सगळ्याच युनिटांना चढा भाव लागतो." असे नाही. पहिल्या शंभरांना पहिलाच भाव राहतो. वरच्या युनिटांनाच वरचा भाव.

दुसरा गैरसमज: "एकूण बिलाला एकूण युनिटांनी भागलं की कॉम्प्युटरच्या युनिटाचा भाव निघतो." हाही हिशेब चुकतो. घरात दिवे, पंखे, फ्रीज आधीपासून आहेत. कॉम्प्युटर नंतर आला. त्याची युनिटे वर चढून बसतात. म्हणून त्याला सरासरी भाव लावू नये, वरच्या टप्प्याचा भाव लावावा. दीडशे युनिटांच्या घराला सरासरी भाव, स्थिर आकार सोडून, नऊ रुपयांच्या आत दिसतो. पण त्या घरी कॉम्प्युटर बंद केल्यास वाचणारे प्रत्येक युनिट १३ रु. २९ पैशांचे असते. चालू केल्यास वाढणारेही तेवढ्याचेच.

या रीतीने १४.४ युनिटांच्या कॉम्प्युटरचा महिन्याचा खर्च तीन घरांत तीन प्रकारचा होतो.

पहिले घर ६० युनिटांचे. कॉम्प्युटर धरून ७४.४ होतात, शंभराच्या आतच. खर्च १४.४ × ६.८२ = ९८ रुपये.

दुसरे घर ९० युनिटांचे. कॉम्प्युटरची १० युनिटे खालच्या भावाने, ४.४ वरच्या भावाने. ६८ रु. २० पैसे आणि ५८ रु. ४८ पैसे, मिळून सुमारे १२७ रुपये.

तिसरे घर १५० युनिटांचे. सगळीच्या सगळी वरच्या भावाने. १४.४ × १३.२९ = १९१ रुपये.

कॉम्प्युटर तोच, काम तेच, पण शेजारी शेजारी दोन घरांत खर्च दुप्पट. म्हणून शेजाऱ्याचा आकडा ऐकून आपला ठरवू नये.

तासाला किती?

महागात महाग भाव धरला, म्हणजे १३ रु. २९ पैसे, तरी ८० वॅटचा कॉम्प्युटर तासाला १ रुपया ६ पैशांची वीज घेतो. लॅपटॉप तासाला ४० पैशांची.

आता याच भावाने घरातल्या दुसऱ्या वस्तू बघा. पाणी तापवायची कांडी साधारण १५०० वॅटची असते. ती अर्धा तास चालली की पाऊण युनिट, म्हणजे दहा रुपये. रोज अर्धा तास धरला तर महिन्याला २२.५ युनिटे. जुना पंखा ७५ वॅटचा. रोज दहा तास चालला तर त्याचीही २२.५ युनिटेच होतात. तोच नव्या पद्धतीचा, ३० वॅटचा घेतला तर ९ युनिटे.

म्हणजे एका बादली कढत पाण्याला जेवढी वीज जाते तेवढ्यात पोरगी नऊ तास अभ्यास करते. हे आकडे घरातल्या वडीलधाऱ्यांनी जरूर डोळ्यांखालून घालावेत. बिलाच्या भीतीने पोरीचा कॉम्प्युटर आठ वाजता बंद करायचा आणि पहाटे कांडी लावायची, हा तोट्याचा व्यवहार आहे. बिल कमी करायचे असेल तर आधी तापवणाऱ्या वस्तू बघाव्या, मग रात्रंदिवस चालणाऱ्या. कॉम्प्युटरचा नंबर त्यानंतर लागतो.

एक मीटर, दोन भाऊ

आपल्याकडे एकत्र कुटुंबे आहेत, आणि वेगळ्या चुली झाल्या तरी मीटर पुष्कळदा एकच राहतो. मग बिलावरून कुरबूर होते. एक उदाहरण कल्पनेने घेऊ.

समजा दिंद्रुडच्या एका घरात मार्चमध्ये १९० युनिटे आली. एप्रिलमध्ये धाकट्याच्या मुलाने कॉम्प्युटर आणि राऊटर घेतला आणि बिल आले २३६ युनिटांचे. वाढ ४६ युनिटांची. वरच्या भावाने ६११ रुपये. थोरला म्हणतो, "सहाशे अकरा रुपये तू दे."

आता मोजून बघू. कॉम्प्युटर १४.४ आणि राऊटर ७.२, मिळून २१.६ युनिटे. मग उरलेली २४.४ कुठे गेली? एप्रिलमध्ये आपल्याकडे ऊन काय असते हे सांगायला नको. कूलर बाहेर काढला होता. १५० वॅटचा कूलर, रोज आठ तास, वीस दिवस, म्हणजे २४ युनिटे. हिशेब जुळला. धाकट्याने कॉम्प्युटर-राऊटरचे २८७ रुपये द्यावे. कूलरची हवा सगळ्यांनी घेतली, त्याचे ३१९ रुपये दोघांत वाटावे. आणि राऊटर दहा तासच चालवला तर धाकट्याचे पुढच्या महिन्यापासून ५६ रुपये वाचतील.

भावाभावांत भांडण लागण्यापेक्षा पंधरा मिनिटे दिवा मोजलेला बरा. मात्र मोजण्याआधी बिलावरचे चालू रीडिंग आणि मागील रीडिंग मीटरशी ताडून बघावे. बिल अंदाजाने आलेले असेल तर वरचा कोणताच हिशेब लागू पडणार नाही.

लाईट गेल्यावरचा खर्च

आता खेड्यातली खरी अडचण. लाईट जाते. डबा-पडद्याच्या कॉम्प्युटरला लाईट गेली की काम तिथेच संपते, म्हणून इन्व्हर्टर लागतो. आणि इन्व्हर्टरचा हिशेब बहुतेक जण करीतच नाहीत.

बॅटरीत वीज भरताना काही वाया जाते, काढताना काही वाया जाते. एक युनिट वापरायला मिळावे म्हणून दीड ते पावणेदोन युनिटे भरावी लागतात. समजा रोज दोन तास कॉम्प्युटर बॅटरीवर चालतो. महिन्याची ४.८ युनिटे बॅटरीतून जातात, त्यासाठी दीडपट धरली तरी ७.२ भरावी लागतात. वाया गेली २.४ युनिटे, म्हणजे ३२ रुपये. हे फार नाही.

खरा खर्च बॅटरीचा. समजा बॅटरी १४,४०० रुपयांची आणि ती चार वर्षे टिकली. ४८ महिन्यांनी भागा: महिन्याला ३०० रुपये. म्हणजे कॉम्प्युटरच्या विजेपेक्षा बॅटरीची झीज महाग! अर्थात त्या बॅटरीवर घरातले पंखे-दिवेही चालतात, तेव्हा सगळे तीनशे कॉम्प्युटरच्या माथी मारू नयेत. पण केवळ कॉम्प्युटरसाठी इन्व्हर्टर घ्यायचा असेल तर ते सगळे त्याचेच.

लॅपटॉपच्या पोटात स्वतःची बॅटरी असते. दोन-तीन तास तो आपला आपण निभावून नेतो.

मग लॅपटॉपच घ्यावा का? इथेही हिशेबच करू. लॅपटॉपने महिन्याला ९ युनिटे वाचतात, वरच्या भावाने १२० रुपये, वर्षाला सुमारे १,४३५. लॅपटॉप समजा डब्यापेक्षा ८,००० रुपयांनी महाग पडला, तर निव्वळ विजेतून ते पैसे फिटायला साडेपाच वर्षे लागतील. तोवर लॅपटॉपचीच बॅटरी दमलेली असेल. म्हणून घरात इन्व्हर्टर आधीच असेल आणि एका जागी बसून काम करायचे असेल, तर फक्त वीज वाचते म्हणून लॅपटॉप घेऊ नये. पण घरात इन्व्हर्टर नाही, लाईट वारंवार जाते, आणि कॉम्प्युटरसाठी नवा इन्व्हर्टर-बॅटरी घ्यावी लागणार, असे असेल तर लॅपटॉप स्वस्त पडतो. निर्णय विजेवर ठरत नाही, बॅटरीवर ठरतो.

वारणेचा अनुभव

हा प्रश्न घरापुरताच नाही. सहकारी साखर कारखानदारीनेही तो सोसला आहे. कोल्हापूर जिल्ह्यात वारणानगर परिसरात १९९८ साली केंद्र सरकारचे राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्र, राज्य सरकार आणि वारणा सहकारी समूह यांनी मिळून सुमारे ७० गावांसाठी 'वायर्ड व्हिलेज' हा प्रकल्प सुरू केला. गावोगावच्या केंद्रांत कॉम्प्युटर बसवले. ऊस उत्पादकाला तोडीची तारीख, आपल्या उसाचे वजन, खताचा हिशेब, बिलाची रक्कम आपल्या गावातच कळावी, कारखान्यावर हेलपाटा पडू नये, हा हेतू. हेतू उत्तम होता आणि ऊसवाल्यांची सोयही झाली.

पण काही वर्षांत कॉम्प्युटर जुने झाले. दुरुस्ती, बॅटऱ्या, जाणारी वीज, सगळ्यांचा भार येऊ लागला. नंतर बंगळूरच्या मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागाने कारखान्यासह अभ्यास केला. तेव्हा दिसले की शेतकरी त्या कॉम्प्युटरवर मुख्यतः दोन-चार ठरावीक गोष्टीच विचारतात: वजन किती, बिल किती, खत किती. तेवढे तर मोबाईलवरच्या लघुसंदेशानेही सांगता येते. म्हणून सात गावांत आठ महिने कॉम्प्युटरऐवजी मोबाईल संदेशाची पद्धत चालवून पाहिली. ती स्वस्त पडली, आणि केंद्र उघडे असण्याची वाटही बघावी लागेना.

यातून घरासाठी धडा घ्यायचा तो असा. जेवढे काम तेवढेच यंत्र. पिकाची नोंद, सातबारा, उसाचे बिल एवढेच बघायचे असेल तर हातातला मोबाईल पुरे, त्याला महिन्याला अर्धे युनिटही लागत नाही. लिहिण्याचे, अभ्यासाचे, हिशेबाचे, कमाईचे काम असेल तर कॉम्प्युटर लागतोच, आणि त्याची वीज परवडते.

स्वाध्याय

वाचून सोडून दिलेला हिशेब अंगी लागत नाही. म्हणून खालील दोन उदाहरणे घरातल्या शाळकरी मुलांकडून करून घ्यावीत.

१) एका घरी ८० वॅटचा कॉम्प्युटर रोज ४ तास, महिन्यात २५ दिवस चालतो. युनिटे किती? घर १५० युनिटांचे असल्यास वरील दराने खर्च किती? (उत्तर: ८ युनिटे, १०६ रुपये.)

२) मीटर ३२०० चा आहे. फक्त लॅपटॉप चालू ठेवून अर्ध्या तासात ४८ लुकलुक मोजल्या. लॅपटॉप किती वॅटचा? (उत्तर: ३० वॅट.)

ही दोन सुटली की आपल्या घरची वही करा. प्रत्येक वस्तूपुढे तीन रकाने: वॅट, रोजचे तास, महिन्याची युनिटे. शेवटी बेरीज करून बिलाशी ताडून बघा. दोन-चार युनिटांचा फरक राहील, तो चालतो. वीस-पंचवीसचा राहिला तर काहीतरी मोजायचे राहिले आहे, ते शोधा.

काट्यावर आपण किलो-किलोला हटकतो. तशीच नजर घरच्या मीटरवरही ठेवावी, आणि पोराबाळांच्या अभ्यासाचा दिवा मालवण्यापूर्वी एकदा तरी वही उघडावी, ही सर्व सभासद बंधू-भगिनींना विनंती.